शिडी, उंची आणि धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडीवरून पडणारी माणसे सहसा काही अचाट काम करत नसतात. बल्ब बदलणे, पन्हळीतला पालापाचोळा काढणे, भिंतीचा वरचा कोपरा रंगवणे, माळ्यावरची पेटी उतरवणे असली हातासरशी उरकायची कामे चालू असतात. म्हणून खालच्या उत्तरांत शिडी कशी लावावी याइतकीच जागा चढणाऱ्याच्या मनातल्या हिशेबालाही दिली आहे.

भिंतीला टेकवायची शिडी किती तिरकी असावी?

चारास एक. शिडी भिंतीला जिथे टेकते ती उंची चार भाग धरली, तर शिडीचे पाय भिंतीपासून एक भाग लांब हवेत. टेकण्याची जागा ४ मीटरवर असेल तर पाय १ मीटर बाहेर, ५ मीटरवर असेल तर सव्वा मीटर. हा कोन साधारण ७५ अंशांचा होतो. टेप जवळ नसेल तर शिडीच्या उभ्या दांड्यांच्या तळाला बुटांची टोके लावून ताठ उभे राहा आणि दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे करा. तळहात समोरच्या पायरीवर अलगद टेकले तर कोन बरोबर आहे. वाकावे लागले तर शिडी जास्त आडवी आहे, कोपर दुमडावे लागले तर जास्त उभी.

कोन चुकला की नेमके काय होते? माणूस शिडीवर चढला की त्याच्या वजनाने शिडीचे पाय भिंतीपासून दूर ढकलले जातात. ८० किलोचा माणूस अगदी वरच्या टोकाशी असेल, तर ७५ अंशांच्या कोनात हा ढकलणारा जोर सुमारे २१ किलोंचा असतो. तीच शिडी ६० अंशांवर लावली तर तो ४६ किलोंवर जातो. त्याला अडवायला असते फक्त पायातल्या रबराची जमिनीवरची पकड. शिवाय हा जोर उंचीबरोबर वाढतो: माणूस शिडीच्या मध्यावर असताना तो निम्माच असतो. म्हणून पहिल्या चार पायऱ्या चढून, शिडी हलवून बघून ‘पक्की आहे’ म्हणणे फसवे ठरते. खाली असताना घट्ट वाटलेली शिडी माणूस वर पोहोचल्यावर सटकते, आणि सटकायला लागली की सावरायला वेळच मिळत नाही.

फार उभी शिडी वेगळ्या तऱ्हेने दगा देते. वर पोहोचून जरा मागे रेललात की ती तुमच्यासकट मागे येते.

जमीन गुळगुळीत किंवा उंचसखल असेल तर?

ओली फरशी, शेवाळलेले अंगण, सांडलेले तेल, वाळू, प्लास्टिकचा कागद, पायपुसणे यांपैकी काहीही शिडीच्या पायाखाली नको. रंगकामात फरशी खराब होऊ नये म्हणून अंथरलेला कागद हे घसरण्याचे नेहमीचे कारण आहे. शिडी उभी करायची तेवढ्या जागेपुरता तो बाजूला करा. झाडून घ्या, पुसून कोरडे करा, आणि शिडीच्या तळाचे रबरी बूटही पुसा. त्यांच्या खाचांत माती भरली की रबर जमिनीला लागतच नाही.

एका पायाखाली विटेचा तुकडा किंवा लाकडाची चीप सरकवणे सर्रास चालते. ते करू नका. माणूस चढताना शिडी किंचित वळते आणि चीप निसटते. उतारासाठी लांबी कमी-जास्त करता येणारे पाय मिळतात. ते नसतील तर उंच बाजूची जमीन खणून सपाट करा. मऊ मातीत दोन्ही पायांखाली एकच लांब, जाड फळी ठेवा, म्हणजे एक पाय जास्त रुतून शिडी कलणार नाही.

खाली एक माणूस शिडी धरून उभा असला की पुरे ना?

नाही. खाली धरणारा माणूस हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. शिडीचे पाय मागे सरकू लागल्यावर ४० किलोंचा जोर अचानक अडवणे हातांना जमत नाही. वरचे टोक बाजूला घसरू लागले तर खालच्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही, उलट शिडी आणि वरचा माणूस दोघेही त्याच्या अंगावर येऊ शकतात.

शिडी बांधणे हा खरा उपाय. वरच्या टोकाला दोन्ही उभे दांडे पक्क्या आधाराला दोराने बांधा. फक्त पायरीला दोर गुंडाळू नका, आणि एकच दांडा बांधू नका, नाहीतर शिडी त्याच्याभोवती फिरते. वर बांधण्यासारखे काही नसेल तर मध्यावर किंवा तळाशी बांधा. आता बांधायला वर जायचे तर तेव्हा शिडी मोकळीच असते. तेवढ्या चढउतारासाठी खालचा माणूस हवा. त्याने शिडीकडे तोंड करून, दोन्ही उभे दांडे धरून, सर्वांत खालच्या पायरीवर आपले वजन द्यायचे, मोबाइल खिशात ठेवून. बांधून झाल्यावर त्याने बाजूला व्हावे. वरून हातोडी निसटली तर ती बरोबर तिथेच पडते.

वरचे टोक कशाला टेकवू नये?

प्लास्टिकची पन्हळ, पाण्याचे पाइप, काच, खिडकीची हलकी चौकट, गोल खांब, झाडाची फांदी. फांदीचे विशेष सांगायला हवे: कापलेला भाग पडला की उरलेली फांदी भार हलका झाल्यामुळे वर उचलली जाते आणि शिडीचा आधारच नाहीसा होतो. पन्हळीसमोर काम असेल तर शिडीला बाहेर काढणारी आधारपट्टी लावून ती भिंतीवर टेकवा.

शिडीवरून गच्चीवर किंवा छतावर उतरायचे असेल, तर शिडी उतरण्याच्या कडेच्या किमान ९० सेंटिमीटर वर जायला हवी. कडेवर पाय टाकताना हाताला धरायला काही हवे असते. शिडी कडेबरोबर संपत असेल तर माणूस वाकून, गुडघे टेकून, मागे पाय चाचपडत उतरतो. या प्रकारात फार माणसे पडतात.

कितव्या पायरीपर्यंत चढायचे?

भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. घडीच्या शिडीवर वरचा फळा आणि त्याखालची पायरी वर्ज्य. वर कमरेला आधार देणारा कठडा असलेल्या प्लॅटफॉर्म शिड्या मात्र वरच्या फळ्यावर उभे राहण्यासाठीच बनवलेल्या असतात.

हा नियम पाळता येत नसेल तर शिडी आखूड आहे. दुसरी आणा. शिडीखाली टेबल, ड्रम किंवा विटा रचून उंची वाढवणे म्हणजे तळाची पकड स्वतःच्या हाताने काढून घेणे.

घडीची शिडी स्वतःच उभी राहते, मग तिच्यावरून माणसे का पडतात?

बहुतेक वेळा ती बाजूला कलंडते. पुढे-मागे तिचा पाया रुंद असतो, पण आडवा फारच अरुंद, साधारण ५० ते ६० सेंटिमीटर. एक हिशेब करून बघू. पाया ६० सेंटिमीटर रुंद, शिडीचे वजन १० किलो, माणूस ८० किलोचा, पाय दीड मीटर उंचीवर आणि हात जमिनीपासून ३ मीटरवर. माणूस बरोबर मध्यभागी उभा असेल तर हाताच्या उंचीवर फक्त ९ किलोंचा आडवा जोर शिडी उलथवायला पुरतो. तो कडेच्या कामासाठी १५ सेंटिमीटर बाजूला झुकलेला असेल तर ५ किलो पुरतात. घट्ट बसलेला स्क्रू ओढताना, भिंतीत ड्रिल दाबताना किंवा जुना खिळा उपसताना यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. त्यातून खिळा एकदम सुटला तर तो सगळा जोर उलटा आपल्याच अंगावर येतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. कामाकडे तोंड करून शिडी लावा, म्हणजे जोर तिच्या लांब बाजूला पडेल. आणि पट्ट्याचा बक्कल दोन्ही उभ्या दांड्यांच्या आत राहू द्या. बक्कल बाहेर गेला की उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. आमच्या मते शिडीवरच्या कामातली सर्वांत महत्त्वाची सवय हीच, आणि सर्वांत आधी मोडली जाते तीही हीच, कारण भिंतीचा अजून फक्त वीतभर भाग राहिलेला असतो.

मधल्या पट्ट्या पूर्ण उघडून सरळ झाल्या आहेत ना, ते हाताने दाबून बघा. घडी मिटवून भिंतीला टेकवून ही शिडी वापरू नका, कारण तिचे पाय उघड्या स्थितीच्या कोनासाठी कापलेले असतात, मिटलेल्या अवस्थेत ते जमिनीला कडेनेच लागतात. घडीच्या शिडीवरून माळ्यावर किंवा छतावर पाय टाकू नका. पाय टाकताना शिडीला मागे लाथ बसते.

एका हातात डबा घेऊन चढले तर?

चढताना आणि उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. हातात डबा असेल तर पाय सुटल्याच्या क्षणी पकडायला मोकळा हात राहत नाही. रंगाचा १० लिटरचा भरलेला डबा १३ ते १५ किलोंचा असतो आणि तो शरीराला एका बाजूला ओढतो. अवजारे कमरेच्या पिशवीत ठेवा, जड वस्तू वर पोहोचल्यावर दोराने ओढून घ्या, रंग लहान डब्यात ओतून आकड्याने शिडीला लटकवा.

शिडीवर लिहिलेली भारक्षमता माणूस, कपडे, अवजारे आणि सामान या सगळ्यांची मिळून असते. युरोपीय ईएन १३१ मानकाच्या शिड्यांना ती १५० किलो असते.

इतक्याशा उंचीवरून पडून असे काय होणार?

२ मीटरवरून पडणारा माणूस ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो आणि त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरांपेक्षा जास्त असतो. ३ मीटरवरून ताशी सुमारे २८ किलोमीटर. पडतोय हे मेंदूला कळून हात हलायलाच पाव सेकंद जातो. ‘उडी मारून बाजूला होईन’ हा बेत म्हणूनच कामाचा नाही. कमी उंचीवर माणूस अंग वळवून पायांवर येऊ शकत नाही, तो पाठीवर, मनगटावर किंवा डोक्यावर आदळतो. खाली पायरीची कड किंवा लोखंडी सळई असेल तर १ मीटरही पुरे होतो.

वीस वर्षे असेच काम करतोय, काही झाले नाही. मग नियम कशाला?

हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो, कारण विचारणारा खोटे बोलत नसतो. त्याच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष तेवढा चुकतो.

उदाहरणासाठी धरा की एखाद्या चुकीच्या सवयीत, समजा सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहण्यात, दर दोन हजार वेळांमागे एकदा पडण्याची शक्यता आहे. आठवड्याला दहा वेळा हे करणारा माणूस चार वर्षांत ते सुमारे दोन हजार वेळा करतो. गणित असे सांगते की अशा शंभर जणांपैकी साधारण ६३ जण त्या काळात एकदा तरी पडतील आणि ३७ जणांना काहीच होणार नाही. ते ३७ जण छातीठोकपणे सांगतील की आमच्या पद्धतीत दोष नाही. आणि कामावर टिकून नव्यांना शिकवणारेही बहुधा तेच असतील. पडून कमरेचे हाड मोडलेला माणूस शिकवायला साइटवर नसतो.

दुसरी गोष्ट, धोका पत्करून काम उरकले की दर वेळी बक्षीस मिळते: दहा मिनिटे वाचतात. शिक्षा मात्र क्वचित मिळते आणि एकदम मिळते. त्यामुळे मन हळूहळू हद्द पुढे ढकलते. आधी वरून तिसरी पायरी, मग दुसरी, मग सर्वांत वरची. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान कोसळले, त्याआधीच्या उड्डाणांतही रॉकेटच्या जोडांतल्या रबरी कड्या झिजलेल्या आढळल्या होत्या, पण यान सुखरूप परतल्यामुळे ती झीज चालण्यासारखी मानली जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून नियमभंग कसा पायरीपायरीने नित्याचा होतो ते दाखवले. शिडीवर हेच घडते, फक्त चौकशी आयोग बसत नाही.

स्वतःला विचारायचा उपयोगी प्रश्न असा: मागच्या महिन्यात शिडी किती वेळा हलली, पाय किती वेळा निसटता राहिला, भिंतीला हात टेकून तोल किती वेळा सावरला? ते सगळे न झालेले अपघात आहेत. ‘काही झाले नाही’ या हिशेबात ते धरले जात नाहीत.

हार्नेस घातला की शिडीवरून निर्धास्त काम करता येईल का?

हार्नेस म्हणजे अंगाभोवती बांधून दोराने आधाराला अडकवायचे सुरक्षापट्टे. तो घातला की निर्धास्त, असा अनेकांचा समज असतो, आणि सुरक्षेचे साधन अंगावर आले की माणूस जास्त झुकू लागतो. हार्नेस शिडीलाच अडकवला तर माणूस शिडी घेऊन पडतो. तो शिडीपासून स्वतंत्र, पक्क्या आधाराला अडकवायला हवा. खाली जागाही लागते: २ मीटरचा दोर, झटका शोषणारी पट्टी उलगडून वाढणारे जास्तीत जास्त १.७५ मीटर, हार्नेसवरच्या अडकवणीपासून पायांपर्यंतचे दीड मीटर आणि शिवाय १ मीटर राखीव. एकूण सव्वासहा मीटर. अडकवण्याची जागा जमिनीपासून ४ मीटरवर असेल तर दोर ताणला गेला तरी पट्टी पूर्ण उलगडण्याआधीच माणूस जमिनीवर आदळू शकतो. अशा ठिकाणी पडण्याच्या जागेपर्यंत पोहोचूच न देणारा आखूड दोर लागतो.

नुसता कमरेचा पट्टा पडणे रोखण्यासाठी वापरू नये, सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कोण आणि कसे उतरवणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे. निश्चल लटकून राहिले की पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते.

उंचीची भीती वाटते. हा दोष आहे का?

थोडी भीती असलेला माणूस शिडी दोनदा तपासतो, त्यामुळे ती कामाचीच आहे. मात्र पाय लटपटत असतील, हात दांड्याला इतके आवळले असतील की काम करता येत नसेल, तर वर पाठवू नका. ‘घाबरतोस काय’ म्हणून चिडवले की तो माणूस भीती लपवायला शिकतो, आणि शिडी डळमळीत आहे हे सांगायचेही टाळतो. मुकादमाचे किंवा घरातल्या मोठ्यांचे एक वाक्य इथे फार काम करते: ‘नको वाटत असेल तर उतर, आपण दुसरी व्यवस्था करू.’ हे वाक्य खरे ठरले पाहिजे. उतरलेल्याची मजुरी कापली तर पुन्हा कोणी उतरणार नाही.

वडील ऐकत नाहीत, सत्तरीतही शिडीवर चढतात. काय करावे?

‘चढू नका’ म्हटले की ते घरात कोणी नसताना चढतात, आणि ते जास्त वाईट. त्याऐवजी चढण्याचे कारणच काढून घ्या. बल्ब बदलायची लांब काठी आणा, रोजची भांडी खांद्याच्या उंचीखाली आणा, पन्हळ जमिनीवरून साफ करायची नळी घ्या. जी कामे उरतात त्यांचा दिवस ठरवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. खुर्ची आणि स्टूल यांवरही हेच लागू आहे.

झोप आणणारी सर्दीची गोळी, रक्तदाबाची नवी गोळी, कानाचा त्रास, रिकामे पोट, मद्य यांपैकी काही असेल तर त्या दिवशी कोणत्याही वयात शिडी नको. मान मागे टाकून छताकडे बराच वेळ पाहिल्यानेही काहींना गरगरते.

अॅल्युमिनियम, लाकूड की फायबरची शिडी?

विजेच्या आसपास अॅल्युमिनियम नको, इतके पक्के धरा. फायबरग्लासची शिडी कोरडी आणि स्वच्छ असेल तरच वीज अडवते. लाकूडही ओले झाले की वीज वाहते. उघड्या तारांपासून कोणतीही शिडी किमान ३ मीटर दूर ठेवा, जास्त दाबाच्या तारांपासून त्याहून लांब. शिडी उभी करताना तिचे टोक कुठून फिरेल तेही बघा: तारेला धक्का बहुधा शिडी उचलून नेताना लागतो. फायबरच्या शिडीच्या पृष्ठभागावर उन्हाने तंतू उघडे पडले, हाताला टोचू लागले, तर तिच्यावर भरवसा नको. लाकडी शिडीला रंग देऊ नका, रंगाखाली भेगा झाकल्या जातात. पारदर्शक वॉर्निश चालते.

चढण्याआधी काय तपासायचे?

अर्ध्या मिनिटाचे काम आहे. उभे दांडे वाकलेले किंवा चिरलेले नाहीत ना, प्रत्येक पायरी हाताने फिरवून बघितल्यावर हलत नाही ना, रबरी बूट दोन्हीकडे आहेत ना, पायरीवर तेल किंवा ओला रंग नाही ना. सरकत्या शिडीच्या दोन भागांचा एकमेकांवर किमान तीन पायऱ्यांचा चढाव हवा आणि आकडे पायरीवर पूर्ण बसलेले हवेत. दुर्बिणीसारख्या उलगडणाऱ्या शिडीत प्रत्येक टप्प्याचा खटका दोन्ही बाजूंना बसल्याचा आवाज ऐका. त्यात वाळू गेली की खटका अर्धवट बसतो.

स्वतःच्या बुटांचे तळवेही बघा. चप्पल घालून चढू नका.

शिडी वापरायचीच नाही, असे कधी?

काम एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणार असेल, दोन्ही हात सतत लागणार असतील, १० किलोंहून जड वस्तू हाताळायची असेल किंवा वारा असेल, तर परांची किंवा चाकांचा प्लॅटफॉर्म आणा. सिमेंटच्या पत्र्यांच्या छतावर थेट पाय ठेवायचा नाही. बोल्टच्या रांगेवरून चालणेही सुरक्षित नाही, पत्रा तिथेही फुटतो. त्याआधीचा प्रश्न मात्र हा की काम खालूनच होईल का: दिव्याची चौकट खाली जोडून मग वर टांगता येते, आणि लांब दांड्याच्या रोलरने छतही रंगवता येते.

उतरताना वेगळे काही लक्षात ठेवायचे?

काम झाले की मन पुढच्या कामात जाते आणि शेवटची पायरी उरली असताना माणूस जमीन आली समजून पाय टाकतो. खालच्या दोन पायऱ्यांशेजारी उभ्या दांड्यावर ठळक रंगाची चिकटपट्टी लावा. शिडीकडे तोंड करूनच उतरा.

कोणी पडलेच तर?

लगेच उठवून बसवू नका. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर असतील किंवा शुद्ध नसेल, तर आहे तसे ठेवून रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू नसेल तर मात्र मानेची चिंता बाजूला ठेवून छातीवर दाब देणे सुरू करा. डोक्याला मार लागला असेल तर उलटी, वाढती झोप, असंबद्ध बोलणे, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून पातळ पाणी येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट बघू नका.

माणसाबरोबर पडलेली शिडी वरून ठीक दिसली तरी कामातून काढा. नुसती कोपऱ्यात ठेवली तर आठवडाभराने कोणीतरी ती उचलतो. करवतीने उभे दांडे मधोमध कापून मगच भंगारात द्या.